आमच्या मंडळाचा मृदंग



या भाद्रपदात आमचं भजनी मंडळ तालुक्याच्या गावी स्पर्धेला गेलं होतं. अकरा मंडळं आली होती आणि आमचा नंबर दहावा लागला. रात्री दीड वाजता टेम्पोतून गावात उतरलो, तर कारभारीण जागीच होती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "नंबर आलेला दिसतोय."

मी म्हणालो, "आला की. दहावा."

"मग हसताय कशापायी?"

तिला त्या रात्री मी काही सांगितलं नाही. तुम्हाला मात्र सांगतो. कारण तुमच्याही गावात एखादं भजनी मंडळ असेल, लेझमाचं पथक असेल, नाही तर भारुडाची मंडळी असतील, आणि माणसं टिकवायची कशी हा घोर तुमच्याकडंही कुणाला तरी लागलेला असेल.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, शिरूर कासार तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावरचं. जमीन हलकी, मुरमाड. बाजरी, तूर, कापूस, आणि बाकी सगळी पावसाची मर्जी. आमचं मंडळ जन्माला आलं तेच मुळी १९७२च्या दुष्काळात. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माझे वडील आणि गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जायची. दिवसभर हातोडा मारायचा, सुकडी खायची आणि दिवस मावळला की त्याच खडीच्या ढिगाशेजारी बसायचं. तिथं कुणीतरी दोन टाळजोड आणले, कुणी देवळातला जुना मृदंग आणला. पोटात फारसं काही नसताना ही माणसं गात कशी होती, हे मला अजून उमगलेलं नाही. पाऊस आला, दुष्काळ सरला, पण दर एकादशीला एकत्र बसायची सवय राहिली. पुढं १९८५च्या सुमाराला कुणाच्या तरी डोक्यात आलं की स्पर्धेला जाऊ. तेव्हापासून आम्ही स्पर्धेतले.

स्पर्धेतले म्हणजे कसे, तर मधल्या पायरीवरचे. वरच्या पायरीवर नामांकित मंडळं असतात. मोठ्या सप्ताहाच्या पत्रिकेवर त्यांच्या गायकांची, मृदंगवाल्यांची नावं छापून येतात. खालच्या पायरीवर गावोगावची साधी मंडळं. ती देवळात बसतात, गातात, प्रसाद घेतात आणि घरी जातात. त्यांना नंबराचं सोयरसुतक नसतं, आणि खरं सांगू, सगळ्यांत सुखी तीच. मधले आम्ही. आम्हाला पांढरा पोशाख एकसारखा लागतो, आठवड्यातून तीन रात्री तालीम लागते, टेम्पोचं भाडं लागतं. एवढं करून आम्ही दुसरे नाही तर तिसरे यायचे. पहिले कधीच आलो नाही.

या मधल्या पायरीचं दुखणं असं, की तिथं कुणी थांबत नाही. पोरगं हाताला चांगलं लागलं की वरचं मंडळ नाही तर एखादे कीर्तनकार महाराज त्याला बोलावून घेतात. त्यात त्याचं चूक नाही. आमच्याकडं चहा आणि पोहे; तिकडं बिदागी, नारळ, उपरणं आणि चार गावांत नाव. काही पोरं आळंदीला जातात. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली पोरं शिकायला आळंदीत येत आहेत. आमच्या गावातून आजवर चार गेले. एक तिकडंच राहिला, दोघं कीर्तनाला लागले, एक परत आला पण आता ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो.

हे झालं वरून ओढून नेणारं. आमच्या जिल्ह्यात दुसरी एक ओढ आहे, आणि ती तुम्हाला मी काय सांगावी? दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, की मुकादमाचा ट्रक गावात उभा राहतो. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. अशा दहा-पंधरा कोयत्यांची टोळी भांडीकुंडी, बाजरीची पोती, शेळ्या, लेकरं घेऊन निघते. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, कुणी थेट बेळगावकडं. सांगली-कोल्हापूरकडचे कुणी वाचक हे वाचत असतील तर ही माणसं तुम्ही तुमच्याच फडात पाहिलेली आहेत. पहाटे अंधारात तोडायला लागतात आणि गाडी भरायला रात्र होते. ती चैत्र-वैशाखात परत येतात. म्हणजे अर्धं वर्ष आमच्या गावात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि कुलपं. मंडळातले बारा जण असले तर सात जण फडात.

टाळकरी गेला तर फार अडत नाही. दुसऱ्याच्या हातात टाळ द्या, महिनाभरात तो ठेक्यावर येतो. वीणा तर गावातल्या कुठल्याही शहाण्या म्हाताऱ्याच्या गळ्यात शोभते. पेटीवाला थोडा अवघड. पण मृदंगवाला गेला की मंडळ म्हणजे जू मोडलेली गाडी. मृदंग ही काही हात बडवायची वस्तू नाही. उजव्या तोंडाला शाई असते, ती पक्की. डाव्या तोंडाला दर बैठकीला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा त्याला घुमारा येतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ, जास्त झाली तर बसका. वाद्या ताणायच्या, गट्टे ठोकायचे, सूर गायकाच्या पट्टीशी मिळवायचा. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, उन्हाळ्यात तडतडतं. हे सगळं जमून नुसता भजनी ठेका पक्का व्हायला दोन वर्षं जातात, आणि गवळणीत लय वाढली की हात मोकळा सुटायला आणखी दोन. आणि चार वर्षं एका जागी राहतो कोण?

आता माझ्या चुकीकडं येतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

२०१४ साली आमचा जुना मृदंगवाला गुडघ्यांनी थकला. त्याच्या हाताखाली एक पोरगा तयार होत होता. वय चौदा, आठवीत. त्याचे आई-बाप दर वर्षी कोयत्यावर जायचे आणि हा आजीजवळ राहायचा. आजीजवळ राहायचं एक कारण शाळा आणि दुसरं, खरं तर मोठं कारण, मृदंग. शाळा सुटली की दप्तर देवळाच्या पायरीवर टाकून आत. भजनी ठेका त्याचा बऱ्यापैकी बसला होता. जलद लयीत मात्र घसरायचा.

त्या श्रावणात एक मोठी स्पर्धा होती आणि मला वाटत होतं, यंदा पहिला नंबर आपला. मंडळाचा म्होरक्या मी. मी काय केलं, शेजारच्या तालुक्यातला एक तयार मृदंगवाला तीन हजार रुपये बिदागी ठरवून आणला. स्पर्धेच्या आधी दोन दिवस. पोराला म्हणालो, "तू यंदा टाळ घे. पुढच्या वर्षी तुझंच आहे." त्यानं मान हलवली. चौदा वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

आमचा दुसरा नंबर आला. बक्षीस २१०१ रुपये आणि एक ढाल. म्हणजे हिशेब केला तर नंबर येऊनही मंडळ नऊशे रुपयांनी खाली आलं. पण तो हिशेब तेव्हा कुणी केला नाही. गावात गुलाल उधळला. मृदंगवाला बिदागी घेऊन गेला आणि पुढच्या महिन्यात आमच्याच समोर दुसऱ्या मंडळातून वाजवायला बसला.

पोरगा एकादशीला आला नाही. पुढच्या एकादशीलाही नाही. मी म्हणालो, अभ्यास असेल. दसऱ्याला ट्रक भरत होता तेव्हा बघतो तर हा वर भांड्यांच्या पोत्यांवर बसलेला. त्याची आजी खाली उभी होती. ती मला एवढंच म्हणाली, "नाना, मी म्हणलं राहा. तर म्हणला, राहून काय करू?"

तो नववीत गेला नाही. पुढं पाच वर्षं तो आई-बापाबरोबर फडात राहिला आणि आमच्या देवळातला मृदंग खुंटीला राहिला. दुसऱ्या कुणाला शिकवलंच नव्हतं. स्पर्धेला लागलं तर भाड्यानं माणूस आणायचो, नाही मिळाला तर जायचोच नाही. चाळीस वर्षं चाललेलं मंडळ असं तीन-चार सालांत वाळून गेलं. लोक म्हणायचे, मोबाईलमुळं झालं, डीजेमुळं झालं. मीही तसंच म्हणायचो. दुसऱ्याच्या अंगावर ढकलायला बरं असतं ते.

आमच्या मंडळात फौजेतून रिटायर झालेला एक गडी आहे, टाळ वाजवतो. एकदा त्यानं मला एक गोष्ट सांगितली. २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात बगलेत पिशवी धरून फुंकणारे जवान तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असतील. ते वाद्य इंग्रजी पलटणींबरोबर इकडं आलं. त्याच्या बँडचं घर स्कॉटलंड. तिकडं गावोगाव असे पाइप बँड आहेत आणि त्यांच्या स्पर्धा होतात. बँडांच्या चार श्रेणी. चौथी नवशिक्यांची, पहिली सगळ्यांत वरची, आणि खालच्या दोन श्रेणींत पुन्हा दोन-दोन पोटभाग. ऑगस्टमध्ये ग्लासगो शहरात जागतिक स्पर्धा भरते, देशोदेशींचे बँड तिथं येतात. आणि तिथंही रडगाणं हेच, की मधल्या श्रेणीतल्या बँडला माणसं टिकत नाहीत. चांगला वाजवणारा वरच्या श्रेणीत जातो, नवशिक्याला लगेच मोठ्या स्पर्धेत उभं करता येत नाही, आणि मधला बँड उसनी माणसं गोळा करत फिरतो. मी म्हणालो, "म्हणजे तिकडंही मुकादम आहेत म्हणायचे." तो हसला. पण मला बरं वाटलं नाही. त्यांच्याकडं कोयता नाही, उचल नाही, दुष्काळ नाही. तरी दुखणं तेच. मग आपलं सगळंच कोयत्यामुळं झालं असं कसं म्हणायचं? काही आपल्या हातानंही झालं असेल की.

आणि आमचा जिल्हा कलेला दरिद्री नाही, बरं का. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजवादनात देशभर गाजले. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (हे आपेगाव वेगळं. ज्ञानेश्वर माउलींचं आपेगाव पैठणजवळचं. बाहेरगावच्या माणसाची यात हमखास गफलत होते.) असा माणूस खेड्यातून वर येतो. पण वर चढायला जिना लागतो, आणि त्या जिन्यातल्या मधल्या पायऱ्या म्हणजे आमच्यासारखी मंडळं. मी त्या पायरीवरून एक पोर उचलून खाली ठेवलं होतं.

२०१९च्या फेब्रुवारीत मी सांगली जिल्ह्यात गेलो. माझा धाकटा भाऊ त्याच टोळीत होता आणि त्याच्या पोरीच्या सोयरिकीचं बोलायचं होतं. असलं बोलणं फोनवर होत नाही. गेलो तो दिवस एकादशीचा. फडाशेजारी पाचटाच्या कोप्यांची रांग, चुलींचा धूर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. जेवणं झाली आणि टोळीतली आठ-दहा माणसं एका कोपीपुढं बसली. एक टाळजोड होता, बाकीचे टाळ्या. ठेका मात्र पक्का येत होता. अंधारात डोळे ताणून पाहिलं, तर हा पोरगा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मांडीवर आडवा घेऊन दोन्ही हातांनी वाजवत होता. लय वाढली तरी हात घसरत नव्हता. पाच वर्षांत कुणी न शिकवता, दिवसभर ऊस तोडून, त्यानं ते पुढचं काम कधी आणि कसं पुरं केलं, देव जाणे.

मला पाहून तो थांबला. मग म्हणाला, "नाना, डब्याला कणीक लागत नाही बघा. बरं असतं."

मी तिथं काही बोलू शकलो नाही. म्हणालो, "चैत्रात आलास की ये देवळात. वाद्या ढिल्या पडल्यात." तो म्हणाला, "बघू." त्या चैत्रात तो गावात होता, पण देवळात आला नाही.

पुढचं साल टाळेबंदीचं. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि आमची माणसं कारखान्यांवर अडकून पडली. इकडं म्हातारे-कोतारे फोनकडं डोळे लावून बसलेले. एप्रिलच्या उत्तरार्धात सरकारनं त्यांना गावी यायची परवानगी दिली. आली, पण थेट घरी जायचं नाही, म्हणून आमच्याकडच्या टोळ्या गावाबाहेर शेतात झाडाखाली, पालात राहिल्या. देवळाला कुलूप. मी पुजाऱ्याकडून किल्ली मागून घेतली, खुंटीवरचा मृदंग काढला, धूळ पुसली, कारभारणीकडून कणकेचा गोळा घेतला आणि त्यांच्या शेताकडं गेलो. जवळ जायची सोय नव्हती. बांधावर मृदंग ठेवला, वर फडक्यात कणीक ठेवली आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. तो आला, मृदंगाकडं बघत बराच वेळ उभा राहिला.

तिथून मी ओरडून म्हणालो, "त्या वर्षी माझं चुकलं. तुलाच बसवायला पाहिजे होतं."

बांधावरून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे, हे मलाही कळत होतं. पण सहा वर्षं तोंडाशी येऊन परत जात होती. तो काही बोलला नाही. मृदंग उचलून पालाकडं घेऊन गेला. रात्री मी अंगणात बाज टाकून पडलो होतो, तर शेताकडून आवाज आला. पहिल्यांदा बसका. मग थोडा वेळ काहीच नाही. मग नीट.

तेव्हापासून मंडळ पुन्हा बसतं. पण आता आमची रीत बदलली आहे, आणि ती मी ठरवलेली नाही, त्यानं ठरवली. तो म्हणाला, "नाना, मी दसऱ्याला जाणारच. माझ्यावर मंडळ उभं करू नका." मग असं ठरलं की मृदंगावर जो बसेल त्याच्या शेजारी शिकणारं एक पोर बसलंच पाहिजे, आणि स्पर्धेला गेलो तर निदान एक पद त्या पोरानं वाजवायचं. नंबर जावो नाही तर राहो. भाड्यानं माणूस आणायचा नाही. मार्गशीर्षातल्या स्पर्धांना जायचं नाही, कारण तेव्हा मंडळ फडात असतं, श्रावण-भाद्रपदात जायचं. स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ऊसतोडीच्या भागात स्पर्धा ठेवायची तर दसऱ्याच्या आत ठेवा. हिवाळ्यात ठेवून मंडळं कमी येतात म्हणून हळहळण्यात काय अर्थ आहे?

शिकणारी पोरं कुठून आणायची, तर ती गावातच असतात. आई-बाप कोयत्यावर गेले की आजीजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहणारी लेकरं. मोठ्यांसाठी सरकारनं २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहांची योजनाही आणली आहे. ही लेकरं संध्याकाळी करणार काय? दिवस मावळला की त्यांना आईची आठवण येते. शिकवणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. आमच्याकडं तालमीची वेळ म्हणूनच दिवेलागणीची ठेवली आहे. हिवाळ्यात शिकवतो मी आणि तो गुडघ्यांनी थकलेला जुना मृदंगवाला. खुर्चीवर बसून त्याचं तोंड चालतं, पोरांचे हात.

सध्या दोघं शिकतात. एक सातवीतला पोरगा आणि एक बारा वर्षांची पोरगी. पोरीवरून गावात कुरकूर झाली. एक जुने टाळकरी म्हणाले, "मुलीच्या जातीनं मृदंग वाजवायचा?" त्यावर तिच्या आजीनं देवळाच्या पायरीवरूनच उत्तर दिलं, "तिच्या आईच्या हातात कोयता चालतो तुम्हाला. तेव्हा कुणी जात नाही विचारली." टाळकऱ्यांनी टाळ घेतले आणि खाली बसले. पोरीचा हात चांगला आहे. डावा जरा कमी पडतो, वयानं येईल.

तर या भाद्रपदात आम्ही गेलो ती स्पर्धा. रूपाचा अभंग झाला, तो त्यानं वाजवला. तेवढ्यावर आम्ही वरच्या चारांत असतो असं एक परीक्षक मला नंतर म्हणाले. मग गवळणीला तो उठला आणि पोरगी बसली. तो तिच्या शेजारी. सुरुवात छान झाली. लय वाढली आणि तिची सम चुकली. एकदा चुकली की घाबरलं लेकरू, हात थांबले. मृदंगाशिवाय दोन आवर्तनं नुसते टाळ वाजत होते. मी पेटीवरून बघत होतो. माझ्या मनात आलं, याच्या हाताला आता राहवणार नाही, हा मृदंग ओढून घेणार. मी असतो तर घेतला असता. घेतलाच होता की मी, अकरा वर्षांपूर्वी.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते. नुसती मान हलवून तिला मात्रा दाखवत होता. तिसऱ्या आवर्तनाला तिनं सम पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

बक्षीस समारंभानंतर दुसऱ्या एका मंडळाचे बुवा मला म्हणाले, "नाना, पोरीला कशाला बसवलंत? हातातला नंबर घालवलात." मी म्हणालो, "व्हय, घालवला." टेम्पोत पोरगी रडवेली होऊन कोपऱ्यात बसली होती. त्यानं तिला विचारलं, "थांबलीस तेव्हा किती मात्रा गेल्या?" ती म्हणाली, "सोळा." तो म्हणाला, "मोजत होतीस ना? मग झालं."

आता आश्विन लागला आहे. दसऱ्याला तो जाणार. उचल घेतलेली आहे, यंदा लग्नानंतरचा त्याचा पहिला कोयता. तो राहील असं मी मनात धरलेलं नाही, आणि त्याला थांबवायची माझी ऐपतही नाही. वाद्या त्यानं ताणून ठेवल्या आहेत. परवा देवळात गेलो तर तो पोरीला कणकेचा गोळा केवढा घ्यायचा ते दाखवत होता. तिनं गोळा थापला, बोटांनी पसरला आणि थाप मारली. आवाज बसका आला.

"जास्त झाली," तो म्हणाला. "काढ थोडी."